वाकड्या मुंडावळ्या

लग्नात फोटोवाल्याचं सगळे ऐकतात. अण्णांनी पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं. पुढची पंचवीस वर्षं मी ते वाक्य जपून ठेवलं, पण उलट्या बाजूनं धरून.

साल 1996. मी सणसरचा. दहावी होऊन घरी बसलो होतो. वडील भवानीनगरच्या साखर कारखान्यात हंगामी कामगार. गाळप संपलं की पुढचे काही महिने त्यांच्या हाताला काम नसायचं. अशाच एका रिकाम्या दिवशी त्यांनी मला एसटीत घालून बारामतीला नेलं आणि भिगवण रस्त्यावरच्या अण्णांच्या स्टुडिओत उभं केलं. एकच खोली. मागं रंगवलेला पडदा, त्यावर तळं, दोन हंस आणि लाल कौलांचा बंगला. कोपऱ्यात काळ्या पडद्याआड डार्करूम. देव्हाऱ्याशेजारी दादासाहेब फाळक्यांचा फोटो. अण्णा त्यालाही रोज उदबत्ती ओवाळायचे. म्हणायचे, "सिनेमाच्या आधी ह्या माणसानं गोध्र्यात फोटोचं दुकान टाकलं होतं. तवा लोक कॅमेऱ्याला भ्यायची. जीव वढून घेतो म्हणायची. आता बघ, कॅमेरा दिसला की माणूस टोपी सरळ करतो."

आमच्या भागात ऊस कारखान्याला गेला आणि बिल खात्यावर पडलं की घराघरात लग्नं उभी राहतात. तुळशीचं लग्न झालं की आमची धावपळ सुरू व्हायची ती पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. अण्णांच्या गळ्यात पेंटॅक्सचा कॅमेरा, माझ्या खांद्यावर फ्लॅशची बॅटरी. एका लग्नाला छत्तीसचे तीन रोल, म्हणजे 108 फोटो. त्यात साखरपुड्यापासून पाठवणीपर्यंत सगळं बसवायचं. अण्णा म्हणायचे, जपमाळेचे मणी आहेत, एकही वाया घालवायचा नाही. रोल इतक्या हलक्या हातानं भरायचे की छत्तीसच्या जागी सदतीस निघायचे, कधी अडतीस.

आणि खरंच, सगळे त्यांचं ऐकायचे. मुहूर्ताला दोन मिनिटं उरलेली असताना अण्णांनी हात वर केला की भटजी अंतरपाट अजून जरा धरून ठेवायचे. गावचा पुढारी घातलेला हार काढून पुन्हा घालून घ्यायचा. घरात कुणापुढं मान न वाकवणारी आत्या अण्णांनी "अशी इकडं" म्हटलं की निमूट इकडं व्हायची. लग्नात यजमानाला शंभर जण शंभर गोष्टी सुनावतात, पण फोटोवाल्याला कुणी उलट बोलत नाही. तो जिथं बोट दाखवेल तिथं माणूस जाऊन उभा राहतो. सोळा वर्षांच्या पोराला याची भूल पडणार नाही तर काय? मलाही असं बोट दाखवायचं होतं.

अण्णांची एक सवय मला कळायची नाही. सगळ्या नाही, पण काही लग्नांत ते मध्येच कॅमेरा खाली करायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "नवरीच्या मुंडावळ्या वाकड्या झाल्यात. आईला बोलवा." शेजारी करवली असायची, मामी असायची, कुणीही पटकन सरळ केल्या असत्या. अण्णा ऐकायचे नाहीत. आईच हवी. मग कुठून तरी, कोठीतून, चुलवणाकडून, नाहीतर पार मांडवाच्या मागून ती बाई यायची. पदराला हात पुसत, खाली बघत. लेकीच्या कपाळाशी हात न्यायची. अण्णा तेवढ्यात एक फोटो घ्यायचे आणि म्हणायचे, "झालं. आता बरं दिसतंय."

लासुर्ण्याच्या एका लग्नात मी हुशारी केली. अण्णांची नजर मुंडावळ्यांवर गेलेली दिसली, तसा मी पुढं झालो आणि नवरीच्या बहिणीला सांगून त्या सरळ करून घेतल्या. खरं तर त्या सरळच होत्या. अण्णा आणखी काही सांगणार तोवर भटजींनी मंगलाष्टकं धरली आणि वेळ निघून गेली. परत येताना एसटीत अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर एवढंच म्हणाले, "मुंडावळ्यांना हात लावायचा न्हाय. ते आपलं काम न्हाय."

मला वाटलं, परक्याच्या नवरीबद्दलची मर्यादा शिकवतायत. मान हलवली आणि विसरून गेलो.

पुढची वर्षं भराभर गेली. अण्णा ज्या कोनिकाच्या रोलवर जगले, त्या कंपनीनं 2006 साली कॅमेरा आणि फिल्मचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. अण्णांनी शटर ओढलं ते त्याच सुमारास. मी तोवर इंदापूरला स्वतःचा स्टुडिओ टाकला होता. डिजिटल कॅमेरा आला, करिझ्मा अल्बम आले, क्रेन आली, एलईडीची भिंत आली, ड्रोन आला. 108 फोटोंचं लग्न दोन-अडीच हजारांवर गेलं. अण्णा वारले तेव्हा त्यांच्या मुलानं निगेटिव्हच्या पेट्या माझ्याकडं आणून दिल्या. "टाकवत नाहीत, ठेववत नाहीत," म्हणाला. मी त्या माळ्यावर चढवल्या.

मग प्री-वेडिंगचं खूळ आलं. खूळ म्हणतो, पण माझं घर त्यावर चाललंय आणि त्यातला आनंदही मला खोटा वाटत नाही. लग्नाआधी दोघं एक अख्खा दिवस एकमेकांबरोबर मोकळेपणानं असतात. आमच्या आईबापांना हे कुठं मिळालं होतं? आणि आमच्याकडं जागाही अशी आहे की तिच्यासाठी लांबून लोक येतात. उजनीचं पाणी. भिगवण, कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ड्रोन जवळ नेला की ते बिचकून उठतात, म्हणून मी तो नेत नाही. एवढं शहाणपण मला लवकर आलं होतं. आणि पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. 1980 साली धरण पुरं झालं आणि भीमाकाठची किती तरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेव उठून सोलापूर रस्त्याला येऊन वसलं. देऊळ मात्र तिथंच राहिलं. एरवी पाण्यात असतं, दुष्काळात दर्शन देतं.

2019 चा उन्हाळा असाच होता. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला. पाणी मागं सरकलेलं, गाळाला भेगा पडलेल्या आणि मधोमध ते काळं देऊळ. मे महिन्यात लग्न असलेल्या एका जोडप्याचं शूटिंग मी तिथं लावलं. नवरीबरोबर तिची आई आली होती. दिवसभर उन्हात पोरं उपाशी राहतील म्हणून भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि ताकाची किटली घेऊन. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई. कपाळ मोकळं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी लायटिंग लावत होतो तेव्हा ती देवळाच्या मागच्या बाजूला गेली. वाळलेल्या गाळात पावलं टाकत काहीतरी मोजत होती. मग लेकीला हाक मारली, "अगं, हितं ये. हितं आमचं घर हुतं बघ. ह्या इथनं देवळाची घंटा ऐकू यायची. गाव उठलं तवा मी सात-आठ वर्सांची हुते." लेक गाऊनचा घेर सांभाळत तिच्याकडं निघाली. चाळीस वर्षं पाण्याखाली गेलेल्या उंबऱ्यावर ती बाई उभी होती, आणि तिची लेक तिच्याकडं चालत निघाली होती.

सूर्य खाली चालला होता. तो सोनेरी उजेड वीस मिनिटं टिकतो. मला देवळाच्या शिखरापुढं नवरानवरी हवी होती आणि ती बाई बरोबर चौकटीत येत होती. मी मोठ्यानं म्हणालो, "मावशी, जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

"व्हय, व्हय," म्हणत ती बाजूला झाली. मी सांगितलं होतं त्याहून दहा पावलं जास्तच.

लग्न महामार्गालगतच्या लॉनवर झालं. कन्यादान काका-काकूंनी केलं. आई कोठीत होती, आहेराच्या साड्या मोजून देत, नारळ काढून देत, शिदोरी बांधत. तिला कुणी "येऊ नको" म्हटलं नसेल. आमच्याकडं ते म्हणावं लागत नाही. पांढऱ्या कपाळाची बाई शुभकार्यात आपणहून मागं सरते, आणि आपण सगळे ते न दिसल्यासारखं करून पुढचं कार्य उरकतो. मीही उरकलं. तो अल्बम माझ्या चांगल्या कामांपैकी एक होता. शोकेसमध्ये लावला होता.

ती आई एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. दवाखान्यातून घरी आलीच नाही. त्या दिवाळीच्या सुमारास लेक माझ्या स्टुडिओत आली. कडेवर वर्षाचं बाळ. म्हणाली, "दादा, वर्षश्राद्धाला आईचा फोटो लावायचाय. घरात आधार कार्डावरचा तेवढा आहे, त्यात ती तीच वाटत नाही. अल्बममध्ये शोधला, नाही सापडला. तुमच्याकडं सगळे असतील ना? न छापलेले?"

मला खात्री होती. दोन हजार तीनशे फोटो होते. आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढं बसलो. सत्कारांचे फोटो निघाले, एकेका पाहुण्याचे चार-चार. शाल, फेटा, नारळ, हस्तांदोलन. फटाक्यांचे निघाले. घोड्याच्या पायातल्या घुंगरांचा जवळून घेतलेला एक फोटो निघाला, ज्याचं मला फार कौतुक होतं. रुखवतातल्या साखरेच्या महालाचे बारा. आई नव्हती. एका फोटोत कोठीच्या दारात एक कोपर होतं, निळ्या बांगडीचं. लेकीनं ते मोठं करायला लावलं, बघितलं आणि म्हणाली, "नाही, ही चुलती."

रात्र झाली. बाळ बाकावर झोपलं. शेवटी मी ड्रोनचं फुटेज लावलं. अक्षता पडतानाचं, वरून घेतलेलं. हिरवळीवर हजारभर माणसं, मधोमध स्टेज आणि सगळ्यांचे हात एकदम उठतात तो क्षण. लग्नाच्या व्हिडिओत तो सगळ्यांना आवडतो. ती एकदम म्हणाली, "थांबवा."

चौकटीच्या अगदी काठावर आचाऱ्याच्या पत्र्याबाहेर कुणीतरी पालथ्या घातलेल्या पातेल्यावर चढून उभं होतं. एका हातानं मांडवाचा खांब धरलेला. गर्दीवरून स्टेज दिसावं म्हणून. सगळ्यांबरोबर तिचाही हात उठला आणि अक्षता सुटल्या. त्या कुठं पोहोचणार होत्या? तिच्यासमोर तीन-चार हातांवर गवतात पडल्या. मग ती खाली उतरली आणि आत गेली.

"हीच आई. ती असाच हात टाकते, खालनं वर."

मी मोठं करून पाहिलं. चेहरा नव्हताच. नुसते चौकोन होते, सात-आठ ठिपक्यांचे. मी म्हणालो, "ताई, हे कापून मोठं नाही होणार." ती म्हणाली, "कापू नका. अख्खा द्या." मी तो अख्खा फोटो मोठ्या कागदावर छापला. त्यात हजार माणसं आहेत आणि एका कडेला तांदळाच्या दाण्याएवढी आई.

जाताना, काही मनात न धरता, सहज बोलावं तसं ती म्हणाली, "त्या दिवशी देवळापाशी तुम्ही तिला बाजूला व्हा म्हणालात ना? मी म्हटलं, थांब की गं, एक फोटो आपल्या दोघींचा काढू. तर म्हणाली, नको बाई, दादांचा फोटो खराब व्हायचा."

त्या रात्री मी घरी गेलो नाही. का कोण जाणे, माळ्यावरून अण्णांच्या पेट्या उतरवल्या. रोलच्या पट्ट्या ट्यूबलाइटसमोर धरून बघत बसलो. रंगीत निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. हिरवा चुडा तांबूस दिसतो, कपाळावरचं लाल कुंकू हिरवट ठिपक्यासारखं. वीसेक वर्षांत कुणी न पाहिलेली लग्नं एकामागून एक डोळ्यांपुढून गेली. आणि मग तो फोटो आला. नवरी बसलेली, तिच्यावर वाकलेली एक बाई, तिचा हात लेकीच्या कपाळाशी. बाईच्या कपाळावर हिरवट ठिपका नव्हता.

दुसऱ्या पाकिटात तसाच एक. तिसऱ्यात नव्हता, तिथं आईच्या कपाळावर ठिपका होता, ती स्टेजवर सगळ्यांमध्ये उभी होती, तिला बोलवायची गरज पडली नव्हती. पहाटेपर्यंत मी तशी सतरा लग्नं काढली. सतरा बायका, सतरा लेकी. प्रत्येकीला 108 मण्यांमधला एक मणी. एकाही फोटोत मुंडावळ्या वाकड्या नव्हत्या.

लासुर्ण्याचं पाकीटही सापडलं. त्यात तो फोटो नव्हता. तीनही रोल मी दोनदा बघितले.

पुढच्याच वर्षी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या चालीविरुद्ध ठराव केला. राज्य सरकारनं इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. मी ती बातमी कापून स्टुडिओत लावली. फार मोठी गोष्ट झाली ती. पण ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत असतो आणि मांडवात मामी, आत्या, चुलत्या असतात. तिथं त्या वेळी एखादा तरी असा माणूस लागतो ज्याचं सगळे ऐकतात.

2023 साली निमगाव केतकीला एक लग्न होतं. पानमळ्यांचं गाव. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. स्टेजवर माईकवाला पाहुण्यांची नावं पुकारत होता, शाली तयार होत्या, भटजी अंतरपाटाची घडी उलगडत होते. सकाळपासून माझ्या लक्षात आलं होतं की नवरीची आई दिसत नाही. चौकशी केली तर कोठीत होती. मी कॅमेरा खाली केला.

"नवरीच्या मुंडावळ्या वाकड्या झाल्यात. आईला बोलवा."

माझ्याबरोबर लाइट धरायला एक नवा पोरगा होता, अकरावीतला. तो कुजबुजला, "दादा, सरळच आहेत की." आणि सरळ करायला पुढं वाकला. मी त्याचं मनगट धरलं.

नवरीची आत्या म्हणाली, "मामी करंल की नीट. तिला कशाला आता? कामात हाय ती."

"आईचा हात लागल्याशिवाय मी फोटो काढत नाही, काकू," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. माईक थांबला. सत्कारासाठी उभे असलेले पाहुणे शाल खांद्यावर घेऊन माझ्याकडं बघायला लागले. आत्याचा चेहरा बदलला. तिला माझा नाही, त्या गोष्टीचा राग होता जी तिच्याही आईनं आणि आजीनं कधी मोडली नव्हती. ती काही म्हणणार एवढ्यात भटजीच घड्याळ बघत म्हणाले, "बोलवा की हो त्यांना, वेळ चाललीय."

कुणीतरी पळत गेलं. ती आली. पदराला हात पुसत, पायऱ्यांपाशी चपला काढून, खाली बघत. पायरीवर थबकली. आत्याकडं बघितलं. आत्यानं तोंड फिरवलं, पण वाट सोडली. मग ती लेकीपाशी येऊन वाकली, मुंडावळ्यांकडं नीट बघितलं आणि गोंधळून माझ्याकडं वळून म्हणाली, "सरळच हाईत की ह्या, दादा."

मी काय बोलणार होतो? माझ्या आधी नवरीनंच हात वर केला. मेंदीच्या बोटानं एक सर हळूच भुवईवर ओढली आणि म्हणाली, "न्हाय गं आई. बघ की, वाकडीच हाय."